अंतराचा हिशेब : 'इ-१' आणि जपानी नौदलाच्या दीर्घ पल्ल्याच्या पाणबुड्यांची सुरुवात

१० मार्च १९२६ रोजी कोबे येथील कावासाकी गोदीत बांधलेली 'इ-१' ही पाणबुडी जपानच्या शाही नौदलात रुजू झाली. तिची लांबी ९७.५ मीटर होती, पाण्यावर असताना तिचे विस्थापन, म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, २,१३५ टन भरत असे आणि वाटेत कुठेही तेल न घेता दहा नॉटच्या, म्हणजे ताशी दहा सागरी मैलांच्या संथ चालीने ती २४,४०० सागरी मैल जाऊ शकेल, असा तिचा आराखडा होता. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक फेरा घालायचा तर २१,६०० सागरी मैल पडतात. म्हणजे कागदावर तरी ही पाणबुडी पृथ्वीप्रदक्षिणा करून, टाकीत आणखी जवळपास तीन हजार मैलांचे तेल राखून घरी परतली असती. त्याआधी अवघी सात वर्षे, १९१९ च्या सुरुवातीला, जपानने स्वतः बांधलेली एकही पाणबुडी हवाई बेटांपर्यंत जाऊन परत येण्याच्या लायकीची नव्हती.

सात वर्षांत हे अंतर कसे कापले गेले, हा या अभ्यासाचा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी देता येते, कारण कोणाकडून काय घेतले हे आज उघड आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: इतक्या लांब जाऊन या पाणबुडीने नेमके करायचे काय होते? माझे मत आधीच सांगून टाकतो. जपानने जर्मनीकडून सांगाडा घेतला, इंजिन घेतले, जाणकार माणसेही घेतली. परंतु तो सांगाडा ज्या कामासाठी आखला गेला होता ते काम घेतले नाही, आणि त्याच्या जागी जे काम नेमून दिले ते त्याला पुरते झेपणारे नव्हते.

नावाविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा. रोमन अक्षरावरून ही पाणबुडी मराठीत बहुधा 'आय-१' अशी लिहिली जाते. मूळ अक्षर मात्र जपानी 'इ' आहे. आपल्याकडे 'क, ख, ग' म्हणून अनुक्रम लावतात तसा जपानीत 'इ, रो, हा' असा जुना क्रम आहे. १ नोव्हेंबर १९२४ पासून नौदलाने हजार टन आणि त्याहून मोठ्या पाणबुड्यांना 'इ', पाचशे ते हजार टनांच्या मधल्यांना 'रो' आणि त्याहून लहानांना 'हा' अशी अक्षरे दिली. तोवर सगळ्यांना नुसते क्रमांक असत. 'इ-१' चे बांधकामातले नाव 'पाणबुडी क्रमांक ७४' असे होते. पहिल्या वर्गाचा पहिला क्रमांक कोणाला द्यावा, यावरूनच या पाणबुडीकडे नौदल कोणत्या नजरेने पाहत होते ते कळते.

आधीचा संसार

जपानच्या पाणबुड्यांचा आरंभ खरेदीने झाला. रशियाशी युद्ध चालू असताना १९०४ मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीकडून हॉलंड जातीच्या पाच लहान पाणबुड्या सुट्या भागांत आणवल्या गेल्या आणि योकोसुका येथे जोडल्या गेल्या. त्या तयार होईतो १९०५ उजाडले आणि युद्धात त्यांचा काही उपयोग झाला नाही. त्याच आराखड्यात फेरफार करून कावासाकीने कोबेत आणखी दोन बांधल्या. त्यांपैकी 'क्रमांक ६' ही १५ एप्रिल १९१० रोजी हिरोशिमाच्या उपसागरात सरावादरम्यान बुडाली आणि चौदाही माणसे गेली. तिचे कप्तान लेफ्टनंट साकुमा त्सुतोमु यांनी गुदमरत असताना लिहिलेली टिपणे नंतर सापडली. अपघात कसा घडला याची तांत्रिक नोंद त्यांत आहे, आणि आपल्या चुकीमुळे पाणबुड्यांच्या प्रगतीला खीळ बसू नये अशी काळजीही आहे. त्यानंतर ब्रिटनच्या व्हिकर्स, फ्रान्सच्या श्नायडर आणि इटलीच्या फियाट या कंपन्यांकडून कधी तयार पाणबुड्या, तर कधी आराखडे घेतले गेले. परिणामी १९१९ पर्यंत जपानकडे पाणबुड्यांचा ताफा कमी आणि युरोपातल्या नमुन्यांचे प्रदर्शन अधिक, अशी अवस्था होती. त्या सगळ्या मुख्यतः बंदरे आणि किनारे राखण्याच्या कामाच्या होत्या.

या काळातला एक अनुभव पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावा लागेल. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा मित्र म्हणून जपानने १९१७ मध्ये भूमध्य समुद्रात विनाशिकांचे एक पथक पाठवले. माल्टा हे त्याचे ठाणे होते आणि सैनिक व माल वाहणाऱ्या जहाजांना शत्रूच्या पाणबुड्यांपासून सांभाळून नेणे हे त्याचे काम होते. ११ जून १९१७ रोजी या पथकातील 'साकाकी' या विनाशिकेवर एका ऑस्ट्रियन पाणबुडीचा टॉर्पेडो बसला, जहाजाची पुढची बाजू उडाली आणि पन्नासहून अधिक खलाशी मेले. पाणबुडी व्यापारी वाहतुकीचा गळा कसा आवळते, हे जपानी अधिकाऱ्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. त्यांनी ते दीड वर्षाहून अधिक काळ रोज डोळ्यांनी पाहिले होते.

तीन हजार चारशे मैल

दीर्घ पल्ल्याची गरज आली ती नकाशातून. १९०७ च्या साम्राज्य संरक्षण धोरणापासून जपानी नौदल अमेरिकेला आपला संभाव्य प्रतिस्पर्धी मानून तयारी करत होते. फेब्रुवारी १९२२ मध्ये वॉशिंग्टन करार झाला आणि मोठ्या युद्धनौकांच्या बाबतीत अमेरिका, ब्रिटन व जपान यांचे प्रमाण ५:५:३ असे ठरले. अमेरिकेला ५,२५,००० टन आणि जपानला ३,१५,००० टन. समोरासमोरच्या लढाईत हे प्रमाण घातक आहे, असे जपानी नौदलाचे गणित होते आणि किमान सत्तर टक्के तरी हवेत हा त्याचा आग्रह मान्य झाला नव्हता. त्याच करारात, पश्चिम प्रशांत महासागरातील ग्वाम आणि फिलिपाइन्स येथे अमेरिकेने नवी तटबंदी करू नये, असेही कलम होते. त्याचा अर्थ असा की युद्ध झालेच तर अमेरिकी आरमाराला हवाईहून निघून हजारो मैल समुद्र ओलांडत पश्चिमेकडे यावे लागणार. मग वाटेतच त्याला गाठावे, एकेक जहाज कमी करत जावे आणि ते जपानजवळ पोहोचेल तेव्हा दोन्ही बाजू तुल्यबळ झालेल्या असाव्यात, अशी 'झिजवण्याची' योजना आकाराला आली. शेवटी एक निर्णायक लढाई होईल आणि तीत युद्धनौकांच्या तोफा निकाल लावतील, हे त्यात गृहीत होते. पाणबुडीला या नाटकात पहिल्या अंकाचे काम मिळाले.

योकोसुका ते हवाई हे अंतर सुमारे ३,४०० सागरी मैल आहे. जाऊन येऊन ६,८००. मित्सुबिशीने व्हिकर्सच्या परवान्याने त्या वेळी बांधायला घेतलेली एल जातीची सुधारित पाणबुडी, जिचा पहिला नमुना 'रो-६०' म्हणून ओळखला जातो, दहा नॉटच्या चालीने ५,५०० मैल जात असे. ती हवाईला पोहोचली असती, पण परतीची निम्म्याहून थोडी अधिक वाट कापताच तिची टाकी कोरडी पडली असती, आणि हवाईसमोर एक दिवसही पहारा न करता ती लगेच मागे फिरली असती असे धरले तरीसुद्धा. आता तोच हिशेब 'इ-१' चा करून पाहावा. जाण्यायेण्याचे ६,८०० मैल वजा केले तरी १७,६०० मैलांचे तेल उरते. अमेरिकेचा पश्चिम किनारा गाठायचा म्हटला तरी योकोसुका ते सॅन फ्रान्सिस्को अंतर साडेचार हजार मैलांच्या आसपास आहे. नऊ हजारांत ये-जा होते आणि पंधरा हजार मैल हाताशी राहतात. २४,४०० हा आकडा बढाईखोर वाटतो खरा, पण पहाऱ्यावर आठवडेच्या आठवडे घालवायचे असतील तर लागणारा साठा त्याच्या आसपासच जातो.

सात बक्षिसे

युद्ध संपल्यावर जर्मन पाणबुड्या विजेत्यांमध्ये वाटल्या गेल्या आणि जपानच्या वाट्याला सात आल्या. जपानी खलाशांनी त्या युरोपातून भूमध्य समुद्रमार्गे स्वदेशी नेल्या आणि जून १९१९ मध्ये त्या योकोसुकाला पोहोचल्या. 'ओ-१' ते 'ओ-७' अशी नावे त्यांना देण्यात आली. त्यांत सर्वांत मोलाची होती 'ओ-१', म्हणजे पूर्वीची 'यू-१२५'. ही लांबवर जाऊन पाणसुरुंग पेरणाऱ्या जातीची पाणबुडी होती. याच जातीच्या 'यू-११७' ने १९१८ च्या उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यासमोर सुरुंग पेरले होते. पाणबुडीने महासागर ओलांडून परक्या किनाऱ्यावर काम करायचे आणि परत यायचे, हे करून दाखवलेल्या घराण्यातली एक पाणबुडी आता योकोसुकाच्या धक्क्याला उभी होती.

'यू-१२५' ची नक्कल जपानने पुढे जवळजवळ जशीच्या तशी केली. कावासाकीने बांधलेल्या, १९२७-२८ मध्ये दाखल झालेल्या 'इ-२१' ते 'इ-२४' या सुरुंग पेरणाऱ्या चार पाणबुड्या तिच्याच वंशातल्या. परंतु 'इ-१' चा उगम या सात बक्षिसांत नाही. तो जपानच्या हाती न आलेल्या एका पाणबुडीत आहे.

जर्मनीने युद्धाच्या अखेरीस 'क्रूझर पाणबुडी' हा प्रकार पुढे नेला होता. त्यातला शेवटचा मोठा आराखडा 'यू-१४२' चा. कीलच्या गेर्मानिया गोदीत बांधलेली ही पाणबुडी १० नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या आदल्या दिवशी नौदलात दाखल झाली. तिने एकही मोहीम केली नाही. पाण्यावर २,१५८ टन विस्थापन, १५ सेंटिमीटरच्या दोन तोफा आणि लांबी ९७.५ मीटर. हे आकडे 'इ-१' च्या आकड्यांशेजारी ठेवले की वेगळे काही सांगावे लागत नाही. लांबी तर तंतोतंत तीच.

हे आराखडे कोबेला कसे पोहोचले, यात कावासाकीचे अध्यक्ष मात्सुकाता कोजिरो यांचे नाव येते. माजी पंतप्रधानांचे हे चिरंजीव युरोपात चित्रे आणि शिल्पे घाऊक भावाने विकत घेण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या संग्रहातला जो भाग पुढे फ्रान्सने परत केला त्यासाठीच १९५९ मध्ये टोकियोत पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले गेले. १९२१ च्या त्यांच्या युरोप दौऱ्यात चित्रखरेदी हा पडदा होता आणि जर्मन पाणबुड्यांचे आराखडे मिळवणे हे नौदलाने सोपवलेले खरे काम होते, असे सांगितले जाते. या कथेत रंग किती आणि तथ्य किती यावर वाद घालता येईल, पण मात्सुकाता ज्या कंपनीचे प्रमुख होते त्याच कंपनीच्या गोदीत जर्मन आराखड्याची पाणबुडी उभी राहिली, एवढे निश्चित आहे.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पाणबुड्या बांधायला बंदी केली होती, त्यामुळे तिथले जाणकार मोकळे बसले होते. १९२२ मध्ये जर्मन गोद्यांनी मिळून नेदरलँड्समधील हेग येथे एक डच नावाची आराखडा-कचेरी काढली. पाणबुड्या परक्यांसाठी आखायच्या, परक्या भूमीवर बांधवून घ्यायच्या आणि आपले ज्ञान गंजू द्यायचे नाही, असा तिचा उद्देश होता. तिचे तांत्रिक प्रमुख हान्स टेखेल हे गेर्मानिया गोदीतले, म्हणजे क्रूझर पाणबुड्या ज्यांच्या डोळ्यांसमोर घडल्या त्यांपैकी एक होते. त्यांचा सल्ला कावासाकीला मिळाला, आणि रॉबर्ट ब्रॉयटिगाम या माजी जर्मन पाणबुडी कप्तानाला चाचण्या व प्रशिक्षणासाठी कोबेला आणण्यात आले. जर्मनीला ग्राहक हवा होता, जपानला गुरू हवा होता.

दोन चुली

एकाच नौदलात त्या वेळी दीर्घ पल्ल्याच्या पाणबुडीच्या दोन चुली पेटलेल्या होत्या. कुरे येथील नौदलाच्या स्वतःच्या शस्त्रनिर्माण गोदीत 'काइदाई' म्हणजे 'नौदलाची मोठी' या मालिकेची पहिली पाणबुडी १९२१ मध्ये पाण्यात उतरली आणि जून १९२४ मध्ये पूर्ण झाली. ती 'इ-५१'. हिचा भर वेगावर होता, कारण तिने आरमाराच्या बरोबरीने चालावे अशी अपेक्षा होती. पाण्यावर वीस नॉटचा वेग मिळावा म्हणून तिला स्विस सुल्झर बनावटीची चार डिझेल इंजिने आणि चार पंखे दिले गेले. चार इंजिने एका पाणबुडीत कोंबणे किती जिकिरीचे असते, हे कुरेच्या लोकांना लवकरच कळले असावे, कारण पुढच्याच 'इ-५२' मध्ये ती दोनवर आली. या दुसऱ्या नमुन्यात जर्मन क्रूझर पाणबुड्यांची छाया स्पष्ट आहे. मात्र वेग वाढवण्याच्या नादात पल्ला निम्म्यावर आला: 'इ-५१' चा २०,००० मैल, 'इ-५२' चा १०,०००.

कोबेची मालिका 'जुनसेन' या नावाने ओळखली जाते. शब्दशः, फिरती किंवा क्रूझर पाणबुडी. येथे वेगावर तडजोड झाली, पल्ल्यावर नाही. कावासाकीकडे जर्मनीच्या एमएएन या कंपनीच्या पद्धतीची इंजिने होती. 'इ-१' मधली दोन्ही इंजिने मिळून ६,००० अश्वशक्ती देत आणि पाण्यावर तिचा वेग अठरा नॉट होता.

पण नुसत्या इंजिनाने पल्ला येत नाही, तो येतो तेल ठेवायच्या जागेमुळे. या पाणबुड्यांना दोन कवचे असतात. आतले जाड, नळीसारखे कवच पाण्याचा दाब झेलते आणि माणसे, बॅटऱ्या व यंत्रे त्याच्या पोटात राहतात. बाहेरचे पातळ कवच जहाजाच्या आकाराचे असते. दोन्हींच्या मधल्या पोकळीत बुडण्यासाठी पाणी भरण्याच्या टाक्या असतात आणि त्याच पोकळीत तेलाच्या टाक्याही बसवता येतात. या तेलटाक्या खालून समुद्राला उघड्या असतात. इंजिन वरून तेल ओढून घेते तसतसे खालून समुद्राचे पाणी आत शिरते. तेल हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगत राहते आणि दोन्ही मिसळत नाहीत. टाकी सदैव भरलेली राहते, म्हणून पातळ कवच दाबाने चेपत नाही, आणि मजबूत कवचाच्या आतली मोलाची जागा तेलासाठी खर्च होत नाही. किंमत चुकवावी लागते ती हिशेबात. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे जितके तेल जळेल तितकी पाणबुडी जड होत जाते, आणि तोल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला रोज वही घेऊन बसावे लागते. शिवाय बाहेरच्या पातळ पत्र्याला कुठे चीर गेली की समुद्रावर तेलाचा पट्टा उमटतो आणि वरून पाहणाऱ्याला पत्ताच मिळतो.

दुसरा एक आकडा याच्या शेजारी ठेवला पाहिजे. पाण्यावर २४,४०० मैल जाणारी 'इ-१' पाण्याखाली तीन नॉटच्या चालीने फक्त ६० मैल जाई. वीस तास. त्यानंतर बॅटरी भरण्यासाठी वर यावेच लागे. त्या काळातली कोणतीही पाणबुडी म्हणजे वेळप्रसंगी बुडी मारणारे जहाजच असे, हे आपण आज विसरतो. आणि 'इ-१' तर त्यातही जहाज जास्त, पाणबुडी कमी होती. नाळेकडे सहा टॉर्पेडो नळ्या, एकूण वीस टॉर्पेडो, मनोऱ्याच्या पुढे आणि मागे १४ सेंटिमीटरची एकेक तोफ. खोलीची मर्यादा ८० मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षाही कमी. ती नाक खाली करून उभी बुडाली असती तर शेपूट पाण्याबाहेर असतानाच तिचे नाक मर्यादेला टेकले असते.

'इ-१' चा कणा १२ मार्च १९२३ रोजी टाकला गेला. त्याच वर्षी २१ ऑगस्टला याच गोदीत बांधलेली 'क्रमांक ७०' ही दुसरी पाणबुडी चाचणी चालू असताना बुडाली आणि ८८ माणसे गेली. त्यांत नौसैनिकांबरोबर गोदीचे लोकही होते. पाणबुडी वर काढून, दुरुस्त करून पुढे 'रो-३१' म्हणून वापरात आणली गेली. अकराच दिवसांनी, १ सप्टेंबरला कांतोच्या भूकंपाने योकोसुकाचा नाविक तळ उद्ध्वस्त केला. अशा वर्षी सुरू झालेली 'इ-१' ऑक्टोबर १९२४ मध्ये पाण्यात उतरली आणि दीड वर्षाने रुजू झाली. तिच्या पाठोपाठ १९२६ मध्येच 'इ-२' आणि 'इ-३', आणि १९२९ मध्ये 'इ-४' आली.

काम कोणते?

जर्मन क्रूझर पाणबुडीची कल्पना साधी होती. व्यापारी जहाजे जिथे बिनधास्त फिरतात अशा दूरच्या समुद्रात जायचे, महागडा टॉर्पेडो वाया न घालवता तोफेने एकट्यादुकट्या जहाजाला थांबवायचे, बुडवायचे आणि महिना-दोन महिने हाच उद्योग करून परतायचे. मोठ्या तोफा, प्रचंड पल्ला आणि बेताचा वेग ही तिन्ही वैशिष्ट्ये या एका कामातून येतात. दहा नॉटने रखडणाऱ्या मालवाहू बोटीला गाठायला अठरा नॉट पुरे होतात.

जपानी नौदलाने मात्र तिला युद्धनौकांच्या आरमारामागे लावले. १९२३ च्या अखेरीपासून पाणबुडी पथकाची सूत्रे सांभाळणारे सुएत्सुगु नोबुमासा हे या विचाराचे शिल्पकार मानले जातात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये राहून त्यांनी पाणबुडीयुद्ध जवळून पाहिले होते. पाणबुडीने बंदर राखत बसू नये. तिने शत्रूच्या तळासमोर जाऊन पाळत ठेवावी, आरमार बाहेर पडले की त्याच्या मागे लागावे, रात्री पाण्यावरून वेगाने पुढे निघून वाट अडवावी, हल्ला करावा आणि मागे पडून पुन्हा पुढे जावे, असा क्रम त्यांनी बसवला आणि त्यासाठी पथकांकडून कठोर सराव करून घेतला. किनाऱ्याला चिकटलेल्या पाणबुडी दलाला त्यांनी महासागरात ओढून नेले, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही.

मात्र या क्रमातील 'पुन्हा पुढे जावे' हे शब्द तपासून पाहावेत. त्या काळच्या अमेरिकी युद्धनौकांचा कमाल वेग एकवीस नॉट होता. त्या आरामात बारा नॉटने चालल्या असतील तरच अठरा नॉटची 'इ-१' त्यांना वळसा घालून पुढे जाऊ शकली असती, आणि तेही दिवसभर पाण्यावर राहून, म्हणजे शत्रूच्या विनाशिकांच्या आणि विमानांच्या नजरेत राहून. आरमाराने वेग वाढवला की खेळ संपला. कुरेच्या काइदाई मालिकेला हे दुखणे ठाऊक होते. १९३४ पर्यंत त्या मालिकेने तेवीस नॉट गाठले. पण तोवर विमानवाहू नौका आल्या होत्या, आणि तीसच्या दशकाच्या शेवटी झालेल्या सरावांत सावध आरमाराचा पाठलाग करणाऱ्या पाणबुड्या वारंवार हुडकल्या जात, असे नौदलाच्याच लक्षात आले.

भूमध्य समुद्रातला धडा इतका विस्मृतीत का गेला, हे कोडे वाटते. माझ्या मते तो विसरला गेला नव्हता, बाजूला ठेवला गेला. जपानच्या योजनेत युद्ध एका लढाईत मिटायचे होते. लढाई लवकर संपणार असेल तर शत्रूची मालवाहतूक महिनोन्‌महिने कुरतडत बसण्याला अर्थ उरत नाही. शिवाय १९०५ मध्ये त्सुशिमाला रशियन आरमारावर मिळवलेल्या विजयावर पोसलेल्या अधिकारीवर्गाला मालवाहू बोटींची शिकार हे कमी प्रतीचे काम वाटणे स्वाभाविक होते. १९३० च्या लंडन परिषदेत जपानने ज्या तीन गोष्टींचा आग्रह धरला, त्यांत ७८,००० टन पाणबुड्या ही एक होती. मिळाले ते तिन्ही सत्तांना सारखे ५२,७०० टन, आणि अपवाद म्हणून ठेवता येणाऱ्या तीन वगळता प्रत्येक पाणबुडी प्रमाणित २,००० टनांच्या आत असावी असा दंडक. प्रमाणित मापाने, म्हणजे तेलाचे वजन न धरता, १,९७० टन भरणारी 'इ-१' त्या रेषेच्या अगदी काठावर बसली. व्यापारी जहाजांना पाणबुड्यांनी विनाइशारा बुडवू नये असे त्याच कराराचे एक कलम होते. जपानचा वाद टनांच्या आकड्यावर झाला, त्या कलमावर नाही.

सांगाडा पुढे वाढत गेला. १९३२ ची 'इ-५' मनोऱ्यामागे दोन नळकांड्यांत सुटे केलेले एक लहान विमान घेऊन निघाली. टेहळणीचा पल्ला क्षितिजापलीकडे नेण्याचा तो प्रयत्न होता. १९३५ ची 'इ-६', मग १९३७-३८ ची 'इ-७' आणि 'इ-८'. यांपैकी 'इ-८' जून १९४३ मध्ये कुरेहून निघून, आफ्रिकेला वळसा घालून, फ्रान्समधील ब्रेस्ट बंदरात पोहोचली, तिथे जर्मनांनी तिचे स्वागत केले आणि डिसेंबरमध्ये ती सुखरूप परतली. जपानहून युरोपला जाऊन परत मायदेशी आलेली ती एकमेव जपानी पाणबुडी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून जिच्यात चढले, ती 'इ-२९' याच घराण्यातल्या पुढच्या पिढीची.

दोन समुद्र

युद्ध आले तेव्हा 'इ-१', 'इ-२' आणि 'इ-३' या बहिणी हवाईसमोर होत्या, नेमक्या त्या जागी जिच्यासाठी त्यांचा पल्ला मोजला गेला होता. वाट पाहूनही झिजवण्याजोगे आरमार काही बाहेर आले नाही. डिसेंबर १९४१ च्या अखेरीस त्यांनी हवाईच्या बंदरांवर थोडे तोफगोळे टाकले आणि नुकसान किरकोळ झाले. 'इ-६' ला मात्र ११ जानेवारी १९४२ रोजी 'साराटोगा' ही विमानवाहू नौका सापडली आणि एका टॉर्पेडोने ती काही महिने दुरुस्तीला गेली. योजनेप्रमाणे घडलेल्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

मग एप्रिल १९४२ मध्ये सिलोनवरच्या स्वारीला साथ देण्यासाठी ही जुनी मंडळी हिंदी महासागरात पाठवली गेली. 'इ-६' अरबी समुद्रात आली. २ एप्रिलला तिने मुंबईच्या नैर्ऋत्येला 'क्लॅन रॉस' हे मालवाहू जहाज बुडवले आणि ७ एप्रिलला 'बहादूर' हे दुसरे. एकटी पाणबुडी, तळापासून हजारो मैल दूर, एकेकटी जाणारी व्यापारी जहाजे. कीलच्या आराखडा-टेबलावर १९१८ मध्ये जे चित्र रेखाटले गेले होते ते चोवीस वर्षांनी मुंबईच्या दारात उमटले होते. पण ते मुख्य काम नव्हते. सिलोनची मोहीम आटोपताच पाणबुड्या मायदेशाकडे वळल्या.

'इ-१' ची अखेर दक्षिण प्रशांत महासागरातील ग्वादलकनाल बेटाजवळ झाली. बेटावरचे जपानी सैन्य उपासमारीने खंगले होते आणि पाणबुड्यांना अन्न वाहायला लावले गेले होते. 'इ-१' ची मागची १४ सेंटिमीटरची तोफ काढून तिथे माल उतरवण्याची एक होडी बांधण्यात आली. २९ जानेवारी १९४३ च्या रात्री राबौलहून, म्हणजे तिच्या पल्ल्याच्या मानाने शेजारच्या गावाहून, शिधा घेऊन ती कामिम्बो उपसागरात शिरली. तिथे 'किवी' आणि 'मोआ' या न्यूझीलंडच्या दोन लहान नौकांनी तिला हेरले. सहा-सातशे टनांच्या 'किवी' ने खोल पाण्यात टाकायचे बॉम्ब मारून तिला वर यायला भाग पाडले, आणि मग या दोन हजार टनी पाणबुडीला तीन वेळा धडक दिली. 'इ-१' चे कप्तान साकामोतो गोळीबारात पडले. उरलेल्यांनी पाणबुडी प्रवाळाच्या खडकावर चढवली. लांबच लांब सांगाड्याचा मागचा भाग पाण्यात गेला आणि नाळ वर राहिली.

आत संकेतपुस्तके होती. काही खलाशांनी किनाऱ्यावर पुरली, काही आतच राहिली. अमेरिकनांच्या हाती ती लागू नयेत म्हणून जपानी विमानांनी अवशेषांवर बॉम्ब टाकले, पण काम पुरे झाले नाही. फेब्रुवारीत त्याच गोदीतली, त्याच आराखड्याची 'इ-२' टॉर्पेडो घेऊन आपल्या थोरल्या बहिणीला नष्ट करायला उपसागरात आली. तिला अवशेष सापडले नाहीत आणि अमेरिकी गस्तीने तिला हुसकावून लावले. तोवर अमेरिकी पथकाने पाणबुडीतून कागद बाहेर काढायला सुरुवात केली होती.